फ्रेंचमधले लिंग कसे ओळखावे?

प्रश्न : मी वर्षभर फ्रेंच शिकते आहे. मराठी अर्थावरून नामाचे लिंग ठरवते, पण ‘ल’ की ‘ला’ हे सतत चुकते. काही नियम आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. वस्तूंच्या बाबतीत लिंग अर्थावर नव्हे, तर त्या भाषेतल्या शब्दावर अवलंबून असते. मराठीत चंद्र पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये ‘ला ल्यून’ स्त्रीलिंगी. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचे ‘ल लिव्र’ पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच आहेत.

शब्दाचा शेवट बराच उपयोगी पडतो. ‘-स्यों’ (नास्यों) बहुधा स्त्रीलिंगी. ‘-माँ’ (आपार्तमाँ) आणि ‘-आज’ (व्होयाज) बहुधा पुल्लिंगी. मात्र ‘प्लाज’ (समुद्रकिनारा) आणि ‘इमाज’ (प्रतिमा) स्त्रीलिंगी आहेत, हे अपवाद पाठच करा.

नवा शब्द नेहमी उपपदासकट लिहा. स्वराने सुरू होणाऱ्या नामापुढे ‘ल’ आणि ‘ला’ दोन्हींचा स्वर गळतो व लिंग झाकले जाते. म्हणून ‘लेकोल’ऐवजी ‘यून एकोल’ (एक शाळा) असे लक्षात ठेवा. अनेकवचनात दोन्ही लिंगांना ‘ले’ चालते.

आणखी एक सावधगिरी : आवडनिवड सांगताना उपपद गाळू नका. ‘मला कॉफी आवडते’ म्हणजे ‘झेम ल काफे’.

लिंग चुकले तरी समोरच्याला बहुतेक वेळा अर्थ कळतोच. तेव्हा चुकण्याच्या भीतीने बोलणे थांबवू नका.