दारूचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा

दारूचा रुग्ण ‘दारू सोडवायची आहे’ म्हणून सहसा येत नाही. तो येतो पित्तासाठी, सकाळच्या ओकाऱ्यांसाठी, झोप लागत नाही म्हणून किंवा पायाला मुंग्या येतात म्हणून. ‘काही घेता का?’ असे विचारले की ‘थोडीशी घेतो जी, अंगदुखीसाठी’ हे उत्तर ठरलेले. मागे उभी असलेली बायको तेवढ्यात खाली पाहते. माझे निदान पुष्कळदा तिथेच होते.

माझ्याकडे येणारे बहुतेक पस्तिशी ते पन्नाशीतले, कमावते पुरुष. पिणे सुरू झालेले असते विशीत. म्हणजे येईपर्यंत पंधरा-वीस वर्षे गेलेली. स्वतःहून येणारा विरळा. रक्ताची उलटी झाली, नोकरीवर नोटीस मिळाली किंवा मुलीची सोयरीक मोडली, की घरचे धरून आणतात. स्त्रिया जवळजवळ येतच नाहीत. व्यसन त्यांनाही असते, पण लाज आड येते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार किंवा मदत मिळते, असे त्यात आढळले.

काही वर्षांपूर्वी राईस मिलमधला एक कामगार माझ्याकडे पित्तासाठी आला होता. मी रागावून म्हणालो, ‘आजपासून एकदम बंद!’ रोज किती घेतो, हे विचारलेच नाही. त्याने बिचाऱ्याने खरेच बंद केली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, वारलेल्या बापाशी तो बोलू लागला. घरच्यांना वाटले बाहेरची बाधा. एक दिवस मांत्रिकाकडे गेला. माझ्याकडे आणला तेव्हा तापाने फणफणलेला, थरथरत होता. मी लगेच गोंदियाला पाठवले. वाचला, पण चूक माझी होती.

वाचकहो, हे वेड नव्हे आणि भूतही नव्हे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय जडते. ती अचानक तोडली की काही तासांत हात कापतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. उपचाराविना यात मृत्यूही येतो. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवावी. औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी हे दिवस सुखरूप पार पडतात.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींना भुलून चहात गोळी घालणाऱ्या माउल्याही मी पाहिल्या आहेत. तुमचे दुःख मला कळते, पण तसे करू नका. डायसल्फिरम पोटात असताना तो प्याला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

सुटलेली दारू पुन्हा सुरू होते, तेव्हा घरचे हात टेकतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही घसरलेले लोक पुन्हा दाखल होतात. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला हाकलतो का?

कुठे जावे कळत नसेल तर १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारा. दवाखान्यात येताना घरचे कोणीतरी सोबत असावे, आणि शेवटचा घोट कधी घेतला ते खरे सांगावे. मी आता रागावत नाही.