बंगालचा उपसागर : वादळांची पूर्वसूचना आणि शेजारी राष्ट्रे

बंगालच्या उपसागराचा आकार नरसाळ्यासारखा आहे. दक्षिणेकडे तो रुंद व खोल असून उत्तरेकडे अरुंद व उथळ होत जातो, आणि त्याच्या टोकाशी गंगा-ब्रह्मपुत्रेचा सखल त्रिभुज प्रदेश पसरलेला आहे. चक्रीवादळाने पुढे रेटलेले पाणी या निमुळत्या भागात शिरले म्हणजे त्यास पसरावयास जागा उरत नाही; ते उंचावते. त्याच वेळी समुद्रास भरती असली, तर कित्येक मीटर उंचीची लाट जमिनीवर चालून येते. या प्रदेशातील मनुष्यहानी वाऱ्यापेक्षा पाण्यामुळेच अधिक होत आली आहे. हा किनारा १९४७ पासून दोन राष्ट्रांत विभागला गेला आहे.

वादळांच्या अभ्यासाचा आरंभ मात्र या विभागणीच्या पुष्कळ आधी, कलकत्त्यात झाला. तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन हे जहाजांच्या रोजनिश्यांवरून वादळांचे मार्ग आखून पाहत असत. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘सायक्लोन’ ही संज्ञा योजिली, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथाने ती जगभर रूढ झाली. मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा सरकारचा बेत त्यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहून धोक्याचा ठरविला. बंदर तरीही बांधले गेले. १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले.

तत्पूर्वी ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळाने हुगळीच्या पात्रात लाट घुसली, नांगरलेली जहाजे साखळ्या तुटून काठावर फेकली गेली आणि सुमारे ५० ते ६० हजार माणसे प्राणास मुकली. पुढील वर्षीच कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या पूर्वसूचनेची व्यवस्था करण्यात आली. भारतातील ती पहिली होय. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली, तेव्हा त्याचे मुख्यालयही कलकत्त्यातच होते. ते पुढे सिमल्यास, १९२८ साली पुण्यास व १९४४ साली दिल्लीस हलले.

या व्यवस्थेचे एक वैगुण्य येथे नोंदविले पाहिजे. ती जहाजांसाठी होती. खाडीकाठच्या शेतकऱ्यासाठी नव्हती. १८७६ साली पूर्व बंगालमधील बाकरगंज भागावर लाट आली आणि त्यानंतरच्या रोगराईसह सुमारे दोन लक्ष लोक दगावले. त्यांच्यासाठी कोणताच बावटा चढलेला नव्हता.

जवळजवळ एका शतकानंतर, १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, त्याच भागातील भोला व आसपासची बेटे पाण्याखाली गेली. मृतांचा अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत केला जातो. कलकत्त्याहून कुवेतकडे निघालेले ‘महाजगमित्र’ हे भारतीय मालवाहू जहाज आपल्या ५० माणसांसह याच वादळात बुडाले. उपग्रहांनी वादळ टिपले होते. परंतु किती उंच पाणी येणार आणि कोणी कोठे जावे, हे बेटावरच्या माणसापर्यंत पोहोचले नाही. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती, ते पोहोचविण्याची होती.

या आपत्तीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक हवामानशास्त्र संघटनेस या प्रश्नात लक्ष घालण्यास सांगितले, आणि १९७२ साली ही संघटना व संयुक्त राष्ट्रांचा आशियाविषयक आर्थिक आयोग यांच्या विद्यमाने उष्णकटिबंधीय चक्रीवादळांसाठी एक मंडळ स्थापन झाले. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका व थायलंड ही त्याची आरंभीची सभासद राष्ट्रे. यांपैकी तीन राष्ट्रांमध्ये डिसेंबर १९७१ मधील युद्धाच्या जखमा अद्याप ताज्या होत्या, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या मंडळाचे मोल कळते. पुढे मालदीव, ओमान, येमेन, तसेच इराण व आखाती राष्ट्रे येऊन सभासदांची संख्या तेरा झाली.

मंडळाचे काम तसे नीरस आहे. प्रत्येक देश आपल्या वेधशाळांची निरीक्षणे ठरल्या वेळी इतरांस कळवितो. १९८८ पासून नवी दिल्ली येथील केंद्रास प्रादेशिक केंद्राचा दर्जा असून, वादळ उद्भवले की ते दर तीन तासांनी सर्व सभासदांना सल्ला धाडते. मात्र जनतेला इशारा देण्याचा अधिकार प्रत्येक सरकारने स्वतःकडेच राखला आहे. पश्चिम बंगालच्या किनाऱ्यासाठी तो इशारा कोलकात्यातील अलीपूरच्या केंद्रातून निघतो, बांगलादेशासाठी ढाक्याहून. बांगलादेशाने गावोगावी स्वयंसेवकांची फळी उभी करून व आश्रयस्थाने बांधून या इशाऱ्याला पाय दिले. १९९१ साली चितगावच्या किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात सुमारे ३,४०० मेले. हीही संख्या लहान नव्हे, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासून याच मंडळाने सुरू केली. आठ राष्ट्रांनी सुचविलेल्या ६४ नावांपैकी शेवटचे ‘अम्फान’, थायलंडने दिलेले. ते वादळ २० मे २०२० रोजी सुंदरबनावर आदळले. कोलकात्यात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे वाहिले, हजारो झाडे उन्मळून पडली आणि कॉलेज स्ट्रीटवरील दुकानांतील पुस्तके रस्त्यावरच्या पाण्यात तरंगू लागली. साथीचे दिवस असूनही एकट्या बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या मुख्यतः दोन्ही देश मिळून सुमारे सव्वाशे राहिली. नव्या यादीतील पहिले नाव ‘निसर्ग’, हे बांगलादेशाचे. ते वादळ पंधरवड्यातच, ३ जून रोजी, रायगडच्या किनाऱ्यावर आले.

सहकार्याची हद्द कोठे संपते, तेही ‘अम्फान’ने दाखविले. माणसे वाचली, परंतु सुंदरबनातील मातीचे बांध फुटून खारे पाणी शेतांत व तळ्यांत शिरले. सुंदरबनाच्या संरक्षणासाठी भारत व बांगलादेश यांच्यात सप्टेंबर २०११ मध्ये ढाका येथे सामंजस्य करार झाला आहे; बांध घालण्याचे व फुटलेले बुजविण्याचे काम मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस ज्याचे त्यानेच करावयाचे असते. खारावलेल्या जमिनीत पुन्हा भात येण्यास काही पावसाळे जावे लागतात, आणि तोवर कुटुंबातील कर्ता मनुष्य कामाच्या शोधात शहराची वाट धरतो.