माळवद उतरविण्यापूर्वी

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे गाव आहे. नृसिंहाच्या देवळामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. प्रस्तुत पाठाचा विषय मात्र तेथील व मराठवाड्यातील इतर गावांतील जुनी माळवदाची घरे, आणि ती दुरुस्तीसाठी काही महिने सोडू पाहणारी कुटुंबे, हा आहे.

माळवदाची बांधणी वाचकांस परिचित आहे. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर लहान लाकडे, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. असे घर उन्हाळ्यात थंड राहते. परंतु ते गळू लागले की पावसाळ्यापूर्वी आपण वर आणखी माती घालतो, आणि ह्याप्रमाणे दरवर्षी भार वाढत जातो. भिंतीचेही असेच आहे. तिला आतून एक व बाहेरून एक असे दगडांचे दोन थर असतात व मध्ये चुरा आणि माती भरलेली असते. दोन्ही थरांस बांधून ठेवणारे लांब दगड नसले म्हणजे भिंत फुगते. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेला उथळ पाया हलतो.

ह्याचा परिणाम काय होतो, हे ३० सप्टेंबर १९९३ रोजी दिसून आले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) ह्या जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. बहुतेक जण झोपेत, आपल्याच घराच्या दगडमातीखाली सापडले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला व तो परभणी आणि नांदेडकडेही जाणवला. तेव्हा घराच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे नांदेडच्या प्रशासनाने लोकांस सांगितले. डोक्यावरचा भार कमी करावा, हाच दोन्ही प्रसंगांचा बोध होय.

परंतु हे काम आत राहून करता येत नाही. एका बाजूची माती काढली म्हणजे भार असमान होतो, आणि कुजलेली तुळई केव्हा सुटेल ह्याचा नेम नसतो. म्हणून घर पूर्ण रिकामे केले पाहिजे. किल्लारीच्या लोकांस विचार करण्यास एक घटकाही मिळाली नाही. आपणांस दोन-तीन महिने आहेत. त्यांचा उपयोग कसा करावा, ते पाहू.

१. प्रथम घरातील सर्वांस विचारावे. एका कुटुंबात म्हातारी माय, मुलगा, सून व तीन लेकरे आहेत, असे समजू. गवंडी ठरला, विसार दिला, आणि मायेस ही वार्ता सर्वांच्या शेवटी कळली. ती म्हणते, “बाबा, ह्याच उंबऱ्यातून मी ह्या घरात आले. तुझा बाप ह्याच ओसरीवर गेला. गवंड्याला विचारलेस, मला का नाही विचारलेस?”

“माय, छत पडेल,” हे मुलाचे उत्तर खरे आहे. परंतु मायेचा प्रश्न छताविषयी नव्हताच. आपल्याला ह्या घरात अजून जागा आहे काय, हे ती विचारीत होती. तेव्हा मुलाने तिच्याजवळ बसून विचारावे: नव्या घरात तुझी बाज कोठे टाकू? जुन्या सामानातले काय राखू? सागवानी दार व चौकट जपून उतरविली तर ती पुन्हा बसविता येते. शिवाय कोणती भिंत कोणत्या वर्षी फुगली, पेव कोठे बुजविले, पाणी कोणत्या कोपऱ्यात मुरते, हे तिच्याइतके गवंड्यास ठाऊक नसते. तिला विचारणे हे प्रेमाचे कृत्य आहेच, शहाणपणाचेही आहे.

२. काळ नेमावा. ज्वारीची रास घरी आल्यावर व मुलांच्या परीक्षा संपताच काम धरावे. जूनच्या ७ तारखेस मृग निघतो. त्यापूर्वी वरचे छत पुरे झाले पाहिजे. पैसा अपुरा असेल तर सर्व घर एकदम उघडे करू नये. भिंती उभ्या आणि छत नाही, अशा स्थितीत पाऊस आला म्हणजे केलेले कामही वाहून जाते.

३. तात्पुरते बिऱ्हाड विचाराने ठरवावे. पुष्कळ लोक आखाड्यावर जातात. तेथे भाडे नसते. पण पाणी किती दूर आहे, रात्री स्त्रियांनी बाहेर कोठे जावे, हे आधी पाहावे. नाही तर पुरुषाने वाचविलेले भाडे सुनेच्या डोक्यावरील हंड्यातून फिटते. वैशाखात पत्र्याखाली तान्ह्या मुलास व म्हाताऱ्या माणसास ठेवणे धोक्याचे आहे. त्यांस गावातच नातलगांकडे सावलीची खोली पाहावी.

४. सामान क्रमाने काढावे. प्रथम कागद: सातबारा, घराचा आठ नंबरचा उतारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले. ते एका पेटीत घालून पेटी एकाच माणसाच्या स्वाधीन करावी. मग धान्य, मग भांडी, शेवटी चूल. जुने पेव उघडल्यास त्यात लगेच कोणी उतरू नये. कोंडलेल्या दूषित हवेने माणूस आत जाताच बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढावयास गेलेला दुसराही तेथेच राहतो. जुन्या भिंतीत साप-विंचू असतात. दगड हाताने न ओढता पहारीने हलवावा. दंश झाल्यास झाडपाल्यात वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. वीज तोडून घेतल्यावाचून पहार लावू नये.

५. शेजाऱ्याशी आधी बोलावे. सामाईक भिंत असेल तर तिच्यावर शेजाऱ्याच्याही तुळया टेकलेल्या असतात. भिंत उतरविण्यापूर्वी चतुःसीमा मोजून, पंचांसमक्ष कागदावर लिहून, दोघांनी सह्या कराव्यात. एका हाताच्या जागेसाठी भाऊ भावाशी बोलेनासा झाला, तर पक्क्या घराचे सुख काय?

६. पैशाचा हिशेब लिहून ठेवावा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ साली सुरू झाली. सपाट प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपये व घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर, असे तीत ठरविण्यात आले. ही रक्कम काम पुढे सरकेल तशी हप्त्यांनी मिळते. म्हणून पहिल्या हप्त्यावर भरवसा ठेवून सगळे जुने घर पाडू नये.

शेवटी घरधन्यास एक विनंती आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी रिकाम्या घरात एकत्र बसून एक वेळ जेवावे. मायेने लेकरांस त्या घराच्या गोष्टी सांगाव्यात. मग सकाळी तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर न्यावे, आणि घर पुरे झाल्यावर सर्वांच्या आधी तिनेच आत यावे.

विचार करण्यासाठी प्रश्न: (१) माळवदावर दरवर्षी माती घातल्याने काय होते? (२) सामाईक भिंत उतरविण्यापूर्वी काय करावे? (३) आपल्या घरी अशा कामात कोणास विचारावयाचे राहून जाते?