कुंडींतील कढीलिंबावर लिंबाच्या अळीचें संगोपन

पावसाळ्यांत लिंबास कोवळी पालवी फुटली कीं तिजवर अळी दिसूं लागते, आणि शेतकरी औषधाचा पंप खांद्यास लावतो. लहान रोपास ही अळी बोडकें करून सोडते, तेव्हां त्याची चिंता अस्थानीं नाहीं. परंतु जिला आपण मारतों ती कोण, हें एकदां तरी कुंडींत पाळून पाहावें.

ठाण्याजवळ मानपाड्यास राष्ट्रीय उद्यानाचें जंगल वस्तीस भिडलें आहे; तेथें अंगणांत कढीलिंबाची कुंडी ठेवली कीं फुलपाखराची मादी ती आपण होऊन शोधीत येते. पुढें घोडबंदर रस्त्यावर ओवळें येथें श्री. राजेंद्र ओवळेकर यांनीं आपल्या वाडींत अळ्यांच्या खाद्यवनस्पति मुद्दाम लावून फुलपाखरांची खुली बाग केली आहे. ती अवश्य पाहावी.

लिंबाचें फुलपाखरूं काळें असून त्यावर पिवळसर ठिपके असतात. मादी कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळट असें एकेक अंडें घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते व प्रथम अंड्याचें कवचच खाते. आरंभीं ती पांखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पांखरें तिला टोंचीत नाहींत. चौथी कात टाकल्यावर मात्र ती हिरवीगार होते. डिवचल्यास डोक्यामागून तांबूस दुभंगलेलें शिंग काढून उग्र वास सोडते. मुलें हें पाहून फार हंसतात. एकंदर आहारापैकीं बहुतेक ती या शेवटच्या अवस्थेंतच खाते, यास्तव दोन हात उंचीच्या एका झाडावर चारांहून अधिक अळ्या ठेवूं नयेत.

येथें आमची चूक सांगितली पाहिजे. गेल्या श्रावणांत पाला अपुरा पडला म्हणून विकतचें हिरवेंगार रोप आणून त्यावर नऊ अळ्या सोडल्या. दुसऱ्या दिवशीं नवांही अळ्या काळ्या पडून मातींत पडल्या होत्या. पानांवर औषध मारलेलें असावें. तेव्हांपासून विकतचें रोप कांहीं महिने निराळें ठेवून नवी पालवी आल्यावरच आम्ही वापरतों.

पूर्ण वाढलेली अळी खाणें सोडून भटकूं लागते. त्या वेळीं कुंडींत एक-दोन काटक्या रोंवाव्या. कमरेभोंवतीं रेशमी धागा बांधून ती कोश करते. सुमारें आठ-दहा दिवसांनीं फुलपाखरूं निघतें. पंख वाळेपर्यंत त्यास हात लावूं नये.

प्रत्येक कोशांतून फुलपाखरूं निघेलच असें नाहीं. आमच्या एका कोशास बारीक छिद्र पडून त्यांतून चिमुकल्या परोपजीवी माशा निघाल्या. घरांतील मंडळी हळहळली; आम्हांस मात्र त्या दिवशीं पंपाचा विचार पुन्हां करावासा वाटला. अळीची संख्या आटोक्यांत ठेवणारे हे बिनपगारी राखणदार आहेत, आणि औषध आधीं त्यांचाच नाश करतें.

दुसरी गोष्ट. २०१५ सालीं महाराष्ट्रानें ज्यास राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताच्या, म्हणजे ब्लू मॉर्मनच्या, अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात, आणि लहानपणीं त्याही अशाच विष्ठेसारख्या दिसतात. फवारा दोहोंत भेद करीत नाहीं.

मोठ्या लिंबाच्या झाडास थोड्या अळ्यांनीं कांहीं बिघडत नाहीं. तेथें हात लावूं नये. रोपवाटिकेंत मात्र पालवीच्या दिवसांत एक दिवसाआड सकाळीं फिरून पानासह अळ्या खुडाव्या व बांधावरील कढीलिंबावर नेऊन सोडाव्या. अळी चिमटींत धरून ओढूं नये, ती फाटते, पानच तोडावें.