भाताचें पीक व सावकाश लागू पडणारें खत

आमचा मेहकर तालुका काळ्या मातीचा. येथें पैनगंगेच्या कांठीं कापूस, तूर, सोयाबीन हीं पिकें. भाताचीं खांचरें पाहावयाचीं तर कोंकणांत किंवा पूर्वेस भंडारा-चंद्रपुराकडे जावें लागतें. परंतु युरियाचें पोतें आमच्याहि घरोघरीं येतें, आणि त्यांतील नत्राचें पुढें काय होतें हें भाताच्या खांचरांत जितकें स्पष्ट कळतें तितकें अन्यत्र कळत नाहीं.

युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. पाणी सांचलेल्या खांचरांत तो वरून फेंकला कीं थोड्याच दिवसांत त्याचें अमोनियम बनतें, आणि येथून गळती सुरू होते. दिवसां पाण्यांतील शेवाळ कर्बवायु शोषून घेतें. त्यामुळें पाणी क्षारधर्मी होऊन अमोनिया वायुरूपानें उडून जातो. उरलेल्यापैकीं कांहीं अमोनियम मातीच्या वरच्या पातळ, प्राणवायुयुक्त थरांत नायट्रेट बनतें. तें खालच्या प्राणवायुहीन थरांत झिरपलें म्हणजे तेथील जंतु त्याचा पुन्हां नत्रवायु करितात. कारखान्यांत मोठ्या खर्चानें हवेंतून पकडलेलें नत्र असें हवेंतच परत जातें! फेंकलेल्या नत्रापैकीं पुष्कळदां शेंकडा ३० ते ४० भागच पिकाच्या पदरांत पडतात. शिवाय रोपाची भूक एका दिवसाची नसते. फुटवे येतांना आणि पुढें लोंबी धरतांना त्यास नत्र हवें असतें. फेंकलेला युरिया तोंवर थांबत नाहीं.

यावर कोंकणांत एक साधी युक्ति रुजली. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतींतील चौथें सूत्र म्हणजे युरिया व डीएपी यांची दाबून केलेली गोळी. ही सुमारें २.७ ग्रॅम वजनाची गोळी लावणी आटोपतांच चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावयाची. तेथें प्राणवायु नसल्यानें नायट्रेट सहसा बनत नाहीं; अमोनियम चिकणमातीच्या कणांस धरून राहतें व हळूहळू मुळांकडे सरकतें. हेक्टरीं ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारें १७० किलो, लागतात. त्यांत नत्र साठ किलोंच्या आंतच भरतें. सुधारित जातींस एरवीं शंभर किलोंची शिफारस असते. रेताड जमिनींत मात्र हें साधत नाहीं, कारण तेथें अमोनियम धरून ठेवणारी चिकणमातीच नसते.

आमच्याकडे येणाऱ्या युरियासहि निंबाच्या तेलाचा लेप असतो. २०१५ पासून देशांतील साऱ्या युरियास तो सक्तीचा झाला. निंब नायट्रेट बनविणाऱ्या जंतूंस आवरतो, म्हणजे दुसरी गळती कमी करितो. अमोनिया उडून जाण्याची पहिली गळती त्यानें थांबत नाहीं. ती खत मातीआड केल्यानेंच थांबते. माझ्या मतें म्हणूनच लेपापेक्षां गोळी सरस.

ती सर्वत्र कां पसरली नाहीं, याचें उत्तर वरच्याच आंकड्यांत आहे. हातानें ६२,५०० गोळ्या खोंचावयाच्या म्हणजे भर पावसांत, चिखलांत, तितक्याच वेळां हात मातींत घालणें. आणि तें काम बहुधा सकाळपासून वांकून लावणी केलेल्या बायांच्याच वांट्यास येतें.