दुकानासाठी एक्स (जुनं ट्विटर): नवशिक्यांनी सुरुवात कुठून करायची?

डहाणू-तलासरीच्या बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "सर, व्हॉट्सॲप आहे, इन्स्टा आहे, मग एक्स कशाला?" स्पष्टच सांगतो, तलासरी नाक्यावरचं गिऱ्हाईक तुम्हाला एक्सवर सापडणार नाही. ते व्हॉट्सॲपवरच आहे. एक्सचं काम वेगळं. तिथे रेल्वे, महावितरण, पत्रकार, मुंबईतले खरेदीदार सगळ्यांसमोर बोलत असतात, आणि ओळख नसतानाही तुम्ही त्यांना थेट विचारू शकता.

म्हणून पहिला महिना लिहू नका, फक्त वाचा. सर्चमध्ये 'चिकू', 'वारली', 'डहाणू' टाका, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगनेही. लोक काय शोधतात, कशावर वैतागतात ते बघा. मग एक खाजगी लिस्ट बनवा: पश्चिम रेल्वे, महावितरण, मुंबईचं हवामान केंद्र. माल लोकलने पाठवत असाल तर ब्लॉकची बातमी आदल्या दिवशी कळलेली बरी. चिकूच्या फोडी उन्हात वाळवणाऱ्या ताईंना पावसाचा इशारा किती कामाचा, हे मी वेगळं सांगायला नको.

आता लिहिणं. मोफत खात्याला एका पोस्टमध्ये 280 अक्षरं मिळतात. पण मराठीत काना-मात्राही वेगळी मोजली जाते, 'चिकू' म्हणजे चार! त्यामुळे जागा पटकन संपते. "उत्तम दर्जा, योग्य दर, अवश्य भेट द्या" यात काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा (आकडे तुमचे टाका):

"चिकू चिप्स, 200 ग्रॅम, 120 रुपये. डहाणू रोड स्टेशनजवळ. 20 पाकिटांपासून होलसेल. विरारपर्यंत पोच."

वस्तू, वजन, दर, जागा. झालं.

इथे एक सावधगिरी. डहाणू घोलवड चिकूला आणि वारली चित्रकलेला जीआय मानांकन आहे, पण म्हणून कोणीही आपल्या मालावर 'जीआय' लिहायचं नसतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातं. एक्सवरची पोस्ट दोन वर्षांनीही कोणीतरी शोधून काढतं.

तक्रार करताना तर फारच जपून. समजा पार्सल अडकलं आणि तुम्ही मोबाईल नंबरसकट पोस्ट टाकली. थोड्याच वेळात हुबेहूब लोगोवाल्या खात्यावरून उत्तर येतं: "सर, क्षमस्व, या नंबरवर फोन करा." फोन केला की ॲप डाउनलोड करायला लावतात, ओटीपी मागतात आणि खातं रिकामं. हे नकली कस्टमर केअरवाले अशा तक्रारी शोधतच बसलेले असतात. निळी टिक बघून फसू नका, 2022 पासून ती पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना करडी टिक असते. कंपनीच्या वेबसाइटवरून ज्या एक्स खात्याची लिंक आहे तेच खरं धरा. पोस्टमध्ये फक्त गाव, तारीख आणि अडचण लिहा. पार्सल नंबर त्या खात्याला मेसेजमध्ये द्या. ओटीपी कोणालाच नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं कठीण.