लॉगिनचा फॉर्म व त्याची भाषा

घराच्या दारास हवा तो रंग द्यावा, तोरण बांधावें. परंतु कुलूप मात्र जाणत्या कारागिराचेंच असावें, हें सर्वांस ठाऊक आहे. वेबसाइटच्या लॉगिन फॉर्मासहि हाच न्याय लागू पडतो. तो कसा, हें आम्ही आमच्या एका चुकीवरून सांगणार आहों.

जँगो हें पायथन भाषेंतील एक फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभारण्याचा तयार सांगाडा होय. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत तें जन्मास आलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. नांव व पासवर्ड विचारणारा ऑथेंटिकेशनफॉर्म त्यांत आयताच मिळतो.

शाळेच्या वाचनालयासाठीं आम्हीं तो घेतला. मूळ क्लासास हात न लावतां त्याचा वारसा घेणारा आपला क्लास लिहिला, खणांचीं नांवें मराठी केलीं, आणि लॉगिनव्ह्यूस तोच फॉर्म वापरण्यास सांगितलें. टेंप्लेटांत सीएसआरएफ टोकन लिहावयाचें राहिलें, तों पाठवितांच ४०३ क्रमांकाची चूक पुढें उभी राहिली! फॉर्म आपल्याच पानावरून आला, कीं दुसऱ्या वेबसाइटनें परस्पर पाठविला, हें त्या टोकनावरून ओळखतां येतें.

खरी चूक पुढेंच होती. नांव चुको वा पासवर्ड चुको, जँगो एकच संदेश देतें. आम्हांस हें निष्ठुरपणाचें वाटलें. म्हणून ‘हें नांव नोंदलेलें नाहीं’ व ‘पासवर्ड चुकला’ असे दोन संदेश आम्हीं केले. दुसरेच दिवशीं एका विद्यार्थ्यानें एकामागून एक नांवें घालून सभासदांची यादीच आम्हांपुढें ठेविली. पासवर्ड त्यास एकहि ठाऊक नव्हता! चोरास अर्धी किल्ली आम्हींच दिली होती.

जँगोची सावधगिरी तेव्हां आम्हांस उमगली. तें पासवर्ड जसाच्या तसा ठेवीत नाहीं. त्याचा हॅश, म्हणजे जिच्यावरून मूळ शब्द सहजीं काढतां येत नाहीं अशी अक्षरमाला, ठेवितें. ती करण्यास मुद्दाम थोडा वेळ लागतो. म्हणून नांव मुळींच नसलें तरी जँगो एकदां हॅश करितें. उत्तरास लागलेल्या वेळावरूनहि कांहीं उघड होऊं नये, हा हेतु.

मग एरर_मेसेजेस या कोशांत आम्हीं एकच सौम्य वाक्य घातलें: ‘नांव व पासवर्ड जुळत नाहींत, कृपा करून पुन्हां पाहून लिहा.’ ज्यांची सभासदत्वाची मुदत संपली, त्यांचा निराळा संदेश कन्फर्म_लॉगिन_अलाउड या मेथडींत ठेविला. पासवर्ड जुळल्यावरच ती चालते. तेथें बोलणें होतें तें खऱ्या मालकाशीं.

विद्यार्थी मित्रहो, वाणी गोड असावी. परंतु कोणाचें गुपित कोणापुढें बोलावें हा विवेक सुटूं देऊं नये. आणि पालकांस विनंति कीं, ‘दोहोंपैकीं कांहीं तरी चुकलें’ एवढेंच वेबसाइट म्हणाली, तर तिजवर रागावूं नये. तें मौन आपल्याच मुलांच्या रक्षणासाठीं असतें.